नाळेवर, की सुकाणाकडे

हर्णै बंदरात लिलावाची वही माझ्याकडे असते.
कुणाची टोपली, किती बोली, कुणाची बाकी.
चेहरे मी फारसे बघत नाही.
पलटणीतही कानांवरच होतो,
वायरलेसच्या पेटीशी.

एकाहत्तरचा डिसेंबर. अकरा जण, एक बंधारा,
पलीकडे टेकाड, टेकाडातून मशीनगन.
नकाशा सुभेदारांच्या खिशात
आणि सुभेदार बंधाऱ्याच्या त्या अंगाला पडलेले.
वर विमान घिरट्या घालत हिंदीत विचारत होतं, नेमकं कुठे?
मला आकडे सुचेनात. तोंडातून घरचंच निघालं:
टेकाड हाय साहेब, पालथ्या होडीवानी,
पालथ्या होडीवानी!

नुसती खरखर.
मग मराठीत, आमच्याच खाडीच्या हेलात:
"बंदूक नाळेवर, की सुकाणाकडे?"

सुकाणाकडे.

पहिल्या फेरीत माती उडाली.
दुसऱ्या फेरीत त्याच्या पंखाला भोक पडलं,
करपल्या भाकरीसारखा दाट धूर.
"गोळ्या संपल्या," तो म्हणाला.
वाटलं, गेला आता.
"तरी येतो एकदा. ते माना घालतील तेवढ्यात निघा.
आणि डोकी खाली ठेवा रे."

आला. शिसवीच्या शेंड्यांना पोट घासत,
अख्ख्या विमानात मारायला काही नसताना
मारायला आल्यासारखा आला.
आम्ही पळालो. नऊ जण पोचलो.
तो पोचला की नाही, हे विचारायला
पेटीतली बॅटरी उरली नव्हती.

आज भरती उतरताना एक म्हातारा,
अंजर्ल्याचे परकार म्हणे,
बांगड्याचा वाटा घ्यायला आलेले,
चोगल्याच्या पालथ्या होडीला काठीनं ठोकत होते:
"गळते कुठून रे? नाळेवर, की सुकाणाकडे?"

माझं डोकं आपोआप खाली गेलं.
कपाळ वहीला टेकलं, पेन्सिल मोडली.
बांगडा साडेतीनशेवर अडला होता,
सगळे माझ्या नावानं ओरडत होते.

उठलो. जवळ जाऊन म्हटलं,
"तिसऱ्यांदा रिकामेच आला होतात ना?"

त्यांनी तळहात कानामागे धरला.
तो कान इंजिनांनी कधीच नेला असणार.
मागे कुणाचा तरी ट्रॉलर सुरू होत होता.
मी पुन्हा विचारलं,
सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं.