घारीवाला

शनिवारी वास्कोत लढाऊ विमानांचा सिनेमा लागला.
भाचा म्हणाला, मामा, चल, तुझ्याच धंद्यातला आहे.

मी दाबोळीच्या धावपट्टीवर घारी हाकलतो.
चोवीस वर्षं.
एक जीप, एक फटाक्यांची बंदूक
आणि पावसाळ्यात घसा बसणारा एक भोंगा.

पडद्यावर नायक धावत आला,
काच नीट बंद व्हायच्या आत वर होता.
मी खुर्चीत पुढे सरकलो :
अरे, चाकांपुढचे ठोकळे कोणी काढले?
पट्टी कोणी चालली?
मागून कुणीतरी श्शू केलं.

पट्टी चालावी लागते, बाबा.
पहाटे, दिवे विझायच्या आधी,
हातभर अंतर ठेवून आम्ही एका रांगेत,
इंजिनवाले, रंगवाले, स्वयंपाकी, कधी खुद्द कमांडर,
माना खाली,
लग्नघरात हरवलेली कुडी शोधावी तसे.
एक वॉशर. बॉलपेनचं टोपण. जांभ्याचा खडा, चण्याएवढा.
इंजिनात तेवढाही पुरतो.
शेवटी सगळ्यांनी खिसे एका डब्यात उलटे करायचे.
तो डबा सिनेमात नव्हता.

माझी बहीण शेवंती खारेवाड्यावर मासळी कापते.
इसवणाची आतडी, बांगड्यांची डोकी
पाण्याकडे भिरकावते.
घारी उतरतात, खातात,
मग उन्हाच्या गरम हवेवर गिरक्या घेत
चढावरून थेट माझ्याकडे.
ती टाकते ते मी दिवसभर आभाळातून वेचतो.
रविवारी जेवताना यावरून भांडण.
ती म्हणते, ‘तुज्या इमानांक सांग. घारी आदीं आयल्यो.’

सैकियासाहेब स्कूटरवरून येतात,
पुढे मुलीचं दप्तर, विसरून राहिलेलं.
एकदा त्यांना उतरल्या उतरल्या पाहिलं.
मुखवट्याचा लाल वळ नाकापासून हनुवटीपर्यंत,
कुणी चेहरा उसना नेऊन परत केल्यासारखा.
बुटाची नाडी सुटेना. बोटं थरथरत होती.
भीतीनं? असेल. मी विचारलं नाही.
त्यांनीच विचारलं, आज घारी किती?
‘सत्तेचाळीस.’
‘मला एकच दिसली,’ म्हणाले. ‘डोळा दिसला तिचा.’
आणि वहीत लिहायला बसले.
तासाभराच्या उड्डाणाला दोन तास लिहिणं.

एका ऑक्टोबरात रात्री दोन गेली
आणि एक आलं.
संगीत वाजलं नाही. जनरेटर वाजत होता.
कुणीतरी चहा आणला, तो तसाच गार झाला.
कुंपणापलीकडे टर्मिनलवर लोक चिडलेले,
दिल्लीचं विमान चाळीस मिनिटं उशिरा.

तो सैकिया नव्हता.
होता त्याचं नाव मी इथे घेत नाही,
त्याच्या आईला एकदा सांगून झालंय.

चौथ्या दिवशी ट्रॉलरच्या जाळ्यात
बांगड्यांबरोबर एक हिरवा हातमोजा आला.
शेवंतीनं तो गोड्या पाण्यानं धुतला,
दोरीवर वाळवला, चिमटा लावून,
वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला.
काही बोलली नाही.
चौकशीत पक्ष्याचा दोष निघाला नाही, मी तिला सांगितलं.
तरी तेव्हापासून ती आतडी
झाकणाच्या बादलीत साठवते.
घारी अजून येतातच. कमी येतात, इतकंच.

सिनेमात शेवटी नायक परतला.
लोक शिट्ट्या मारायला लागले, भाचाही.
खोटं कशाला, मीही टाळी वाजवली,
चाकं टेकली तेव्हा पोटातलं काहीतरी खाली बसलं.

बाहेर सोड्याच्या गाड्यापाशी भाच्यानं विचारलं, कसा वाटला?
म्हटलं, छान.
फक्त एवढं सांग,
दोन तासांत त्या आभाळात एक पाखरू नव्हतं.
ते साफ करायला
त्यांनी कोणाला ठेवलं होतं?