मोठी कॉइल

यांकुलच्या वादीत, उन्हं चढायच्या आत
हुमैद परातीएवढी कॉइल पट्ट्याला अडकवतो.
मी मागे, कुदळ घेऊन.

"ही खोलवरचं ऐकते," तो म्हणतो,
"वरचं बारीकसारीक
हिच्या कानावरच जात नाही."

आवाज येतो,
झोपेत कुणी कूस बदलावी तसा.
खणतो. गुडघाभर.
लोखंडी तांबडा दगड, खोटं बोललेला.
पुन्हा खणतो: ट्रकचा नट.

दुपारी घाफच्या सावलीत खजूर, काळा चहा.
घरी फोन केलास? हुमैद विचारतो.
केला. सगळं ठीक आहे म्हणाली.
ठेवता ठेवता वृंदा काहीतरी पुटपुटली होती,
गुंजभर.

मी पिशवीतून लहान कॉइल काढतो,
बाहीने पुसतो,
परत ठेवून देतो.