आस

कट्, कट्, कट्.
उजवीकडे वळताना वाजतं,
म्हणजे दुखणं डावीकडे.
एवढं मलाही कळतं. तीस वर्षं
आत-बाशीपासून वरच्या कुरणांपर्यंत
लोकांची दुखणी ऐकत हिंडले
याच निवामधून,
मागच्या सीटवर सलाईनच्या बाटल्या,
आणि दोनदा तर बाळंच,
घाट उतरेपर्यंत दम न निघालेली.

एसेनकुल खड्ड्यात उतरतो.
वर दिसते फक्त टोपी आणि बॅटरीचा उजेड.
"बुरुल एजे, बूट कधी फाटला?"
उन्हाळ्यात, म्हणते मी. बहुतेक.
"म्हणजे त्याच्याही आधी," खड्डा म्हणतो,
आणि तो स्वर माझ्या ओळखीचा आहे,
मीच लावते तो,
दुखणं अंगावर काढून आलेल्यांशी बोलताना.

चाकाच्या आतून ग्रीस उडालेलं,
काळं, दाट, वाळू खाल्लेलं.
तो आस बाहेर काढतो, सांधा उकलतो,
रॉकेलच्या तसराळ्यात धुतो.
सार्डिनच्या रिकाम्या डब्यात सहा गोळे:
पाच चकचकीत,
एकाला देवी आलेल्या.

भाचा, कुबान, मोबाइलवरून मान न काढता:
"फेकून द्या. नवा येतो बिश्केकहून,
खोक्यात, तेल लावून,
एका कोकराच्या किमतीत."
"खोकं चांगलं असतं," एसेनकुल म्हणतो.
गेल्या वर्षी एकाला बसवला होता नवा,
सात महिन्यांत दोलोनच्या चढावर सुटला.
हा बघ, यावर शिक्का आहे, शहाऐंशी सालचा.
"आणि हा सुटला तर?" आता मान वर आली,
"एजेच्या मागं कुणी कण्हत असताना?"

यावर कुणी बोललं नाही.
बाहेर एक कुत्रं शेपटीभोवती तीनदा फिरून बसलं.
पोराचं खोटं नव्हतं.
थोरल्याचंही नव्हतं.
चहा मात्र निवत होता.

मग एसेनकुलनं माझा हात धरला,
माझं बोट खाचेत ठेवलं.
"नख फिरवा."
फिरवलं. अडकलं.
"आता खाचेच्या दुसऱ्या अंगाला."
गुळगुळीत. काल घडवल्यासारखं.
"पुढं जाताना गोळे एकाच अंगाला रेटतात, एजे,
हे दुसरं अंग लागतं मागं जायला.
आणि मागं
तुम्ही गेलात तरी किती?"

बुरुल म्हणजे वळ.
चौथीही मुलगीच झाली तेव्हा
आईबापांनी नशिबाला दिलेला तो हुकूम होता,
मला दिलेलं नाव नव्हे.
नशीब वळलंही. पाचवा मुलगा.
मी मात्र अख्खा जन्म
प्रत्येक हाकेला वळत राहिले
आणि वाटायचं, सगळीकडून झिजले.

"डावा सांधा उजवीकडे, उजवा डावीकडे,
नवे बूट, नवं ग्रीस.
हा हिवाळा जाईल.
पुढच्याचं मला विचारू नका."
तो खड्ड्यातून वर आला
आणि त्याचा गुडघा वाजला,
कट्,
अगदी त्याच सुरात.
कुबान आधी हसला. मग आम्ही.

नवा आसही मागवलाच मी.
कोकराची किंमत मोजली,
खोकं डिकीत ठेवलं सलाईनच्या शेजारी,
न उघडता.
एसेनकुलनं बघितलं, बोलला नाही,
पक्कड पुसत राहिला,
आधीच पुसलेली.

संध्याकाळी नारीनच्या रस्त्याला
उजवं वळण, डावं वळण,
पुन्हा उजवं:
काही नाही. नुसता वारा, आणि खडी.

फक्त अंगणातून बाहेर पडताना,
चाक वळवून मागं घेतली होती गाडी
कुत्र्याला वाट द्यायला,
तेव्हा वाजलं,
एकदाच,
आणि एसेनकुलनं दारातून
हात वर केला.