दस्त्याची पट्टी

हत्तुऱ्यांची गुरुबाई रिक्षातून घेऊन आली ती,
चादरीत गुंडाळून. नळीचं टोक बाहेर राहिलं
म्हणून त्यावर नातवाचा पायमोजा.

"नळीत शिसं ओतलंय, हा कचेरीचा शिक्का.
आता काही बोलायची नाही ती.
सासऱ्यांच्या फोटोखाली लावायचीय.
मिलच्या फाटकावर होते ना, बावीस वर्षं.
पट्ट्याची कडी गेलीय, आणि मागची लोखंडी पट्टी.
पुण्याच्या माणसानं आकडा सांगितला,
मी फोनच ठेवला."

नायनांनी चष्मा कपाळावर चढवला.
चाळीस वर्षं मागाचे सुटे भाग घडवलेला माणूस
बंदुकीकडे बघतो तेव्हा बंदूक बघत नाही.
दोन भोकं बघतो, त्यांच्यातलं अंतर,
आणि लाकडावर पट्टी होती तिथला
फिका डाग.

साखर पेठेतली आमची मागची खोली:
एक वाइस, एक शेगडी, आढ्यापर्यंत डबे.
डब्यांवर खडूनं तेलुगू,
जी मला बोलता येते, वाचता येत नाही.

मी कॅलेंडरचा मार्च फाडला,
कोरी बाजू डागावर धरून पेन्सिल फिरवली.
वर बोटभर जीभ उमटली, खाली रुंद टाच.
नायना म्हणाले, "पाऊलच की."

पत्रा भंगारातल्या लूमचा मिळाला.
कडी सळईतून वाकवली, एका दुपारचं काम.
पण स्क्रूचा आटा कशाशी जुळेना,
ना मिलीमीटरच्या, ना सुताच्या.
तीन दिवस डबे उपडे, तीन दिवस जेवण वाढलेलं तसंच.
चौथ्या दिवशी, सगळ्यात खालच्या डब्यातून
मिलच्या विलायती मागाचा एक स्क्रू निघाला,
शेंगदाण्याएवढा, काळा,
आणि आत वळत गेला न अडखळता,
अंधारात आपलं घर सापडावं तसा.
नायनांचा हात थांबला.
"एकाच गावचे दिसतात," एवढंच.

मग घासणं. ओकटी, रेंडू, मूडू.
कानस मोजताना ते मराठी विसरतात.
अम्माच्या डबीतलं काजळ लाकडाला,
पट्टी दाबायची, उचलायची,
काळं लागेल तिथे उंचवटा.
पुन्हा कानस. पुन्हा काजळ.
अम्मा म्हणाली, "माझ्या डोळ्यांना
जन्मात एवढं लागलं नाही."

शेवटी बसली. नख अडकेना.
तरी ते टाचेचा कोपरा घासतच राहिले.
ऊन पत्र्यावरून खोलीत उतरलं,
बनियन पाठीला चिकटलं, ते घासत राहिले.
मी म्हटलं, "मूळची एवढी गोल नव्हती.
कागदावर कोपरा सरळ आलाय."
"माहीत आहे."

डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली त्यांना एक खूण आहे.
लहानपणी विचारलं की म्हणायचे, मिलमध्ये लागलं.
आम्ही समजायचो, यंत्र.
कॅलेंडरचा कागद माझ्या हातात होता.
तो मी घडी करून
कानशीच्या खोक्यात ठेवला.

संध्याकाळी पट्टी शेगडीवर.
लाल नाही होऊ द्यायची, वांग्याच्या सालीइतकीच,
आणि लगेच करडीच्या तेलात.
वास गल्लीभर. समोरची इरम्मा डोकावली,
"काय तळताय?"

गुरुबाईनं अंगठा फिरवला पट्टीवरून,
टाचेपाशी आला तसा हलकेच घसरला.
"किती मऊ केलीय हो!"
पैसे मोजले. नायनांनी कडीचे घेतले,
पट्टीचे घेतले, मजुरी घेतली, सुटे परत दिले.
"आणि स्क्रूचे?"
"त्याचे नकोत. तो तिकडचाच होता."

रिक्षा वळेपर्यंत ते दारात उभे होते.
पायमोजा पुन्हा टोकावर चढला होता, निळा,
एका बाजूला जरा उसवलेला.