चाळीस असोले

कापड कणकवलीहून आणलं, साडेतीन मीटर,
छत्रीपेक्षा जाड, ताडपत्रीपेक्षा मऊ,
रंग शेवाळी, कारण तेवढाच उरला होता.
दुकानदाराने विचारलं, पडद्याला का?
मी हो म्हटलं.
शेहेचाळिसाव्या वर्षी एक बाई
रानात निजायला झोळी शिवतेय
हे त्याला सांगत बसले असते
तर आचऱ्याची एसटी चुकली असती.

कडा दुमडून टीप घातली. दोनदा.
सुई एकदा मोडली,
दुसऱ्यांदा बोटात गेली.
त्याचा डाग अजून आहे, एका टोकाला.
डोकं कुठे ठेवायचं
ते त्यावरून कळतं.

टोकं गोळा करणं मला नवं नव्हतं.
चोवीस वर्षं पोस्टात
टपालाच्या पिशव्यांची तोंडं आवळतेय:
चुणीला चुणी, सुतळीचे वेढे,
वर लाख, लाखेवर शिक्का.
माझी गाठ आजवर कोणी सोडलेली नाही.
कापावीच लागते.

परसात फणस आणि रतांबा,
दोघांत सहा पावलं.
आधी वजनाचा हिशेब केला.
मी साठाला दोन कमी.
असोला नारळ सरासरी दीड किलो.
मोजून चाळीस भरले, एकेक,
निजलेल्याची झोप मोडू नये तसे.

पाच मिनिटं टिकले.
मग फणसाकडची दोरी सरकली,
न तुटता, आवाजही न करता
(नायलॉन सुतळीसारखं वागत नाही
हे मला कोण सांगणार?)
आणि चाळीसच्या चाळीस उताराने निघाले.
चार विहिरीत. डुबुक ऐकून मोजले.
कुंपणापलीकडून कुमुदिनी म्हणाली,
नारळांक झोपाळो बांधलंस गो?

इनास वाळूत बसून जाळं सांधत होता,
दोरा पायाच्या अंगठ्याला ताणलेला,
विझलेली विडी कानावर.
माझी गाठ त्याने हातात घेतली,
उलटीपालटी केली.
ही गाठ नाय, म्हणाला, ह्यो राग आसा.
घट्ट मारूक कोणाकय येता, बाय.
रातभर धरतली
आणि सकाळी एका हिसक्यात सुटतली,
अशी मार.

एकदाच दाखवली. बोटं सावकाश,
पण तरी निसटलं काहीतरी मधलं.
मी एकोणीस वेळा चुकले.
विसाव्या वेळी तो काही बोलला नाही,
जाळ्याचं पुढचं भोक शोधू लागला.

शनिवारी तोंडवळीच्या सुरूंमध्ये टांगली.
पौषातली थंडी.
दोरी ताणून बांधली नाही, पोट सोडलं तिला,
मग झाडांनीही कुरकुर केली नाही.
आधी ढुंगण टेकवलं, मग एक पाय,
मग बराच वेळ दुसरा पाय वाळूतच.

सरळ निजले तर केळ्यासारखी वाकले.
तिरकी झाले तेव्हा पाठ सपाट झाली.
हे कोणी शिकवलं नव्हतं.
खालून वारा लागतो हेही नव्हतं शिकवलं,
दीड वाजता उठून
गोणपाट पाठीखाली घातलं.
अडीचला पुन्हा उठून गाठ चाचपली.
होती.
ट्रॉलरचा दिवा बराच वेळ एका जागी होता.
मला वाटलं तोही मला बघतोय,
मग वाटलं, बघू दे.

झोप कधी लागली माहीत नाही.
जाग आली तेव्हा गालावर कापडाची वीण उमटली होती
आणि एक कुत्रा खाली मुटकुळं करून,
जणू माझ्याच राखणीला.
फासाचं शेपूट ओढलं.
दोरी सुरूवरून खाली आली.
सालीवर नुसता ओला वळ.

सोमवारी साडेतीनच्या टपालाची पिशवी आवळताना
हातांनी आपणहून इनासची गाठ मारली.
शेपूट ओढून पाहिलं. सुटली.
पोस्टमन तुषार शिक्क्याची शाई भरत होता,
त्याने पाहिलं नाही.
मी पुन्हा बांधली, नियमातली,
आणि वर लाख ओतली.