बद्द

चौथ्या आणि पाचव्या पदराच्या मधे
मी टेफ्लॉनचा तुकडा ठेवला, गोल,
चहाच्या बशीएवढा, केसाहून पातळ.
वर पुन्हा कार्बनचं कापड: शून्य, पंचेचाळीस, नव्वद अंश.
रोलरनं हवा काढली,
भट्टीत रात्रभर शिजू दिलं.
सकाळी काळी पाटी निघाली आरशासारखी.
मी तिच्यात बघून केस सारखे केले
आणि वहीत लिहिलं: दोष हेतुपुरस्सर.

इल्मार्सला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली,
तरी गुरुवारी येतो.
दाउगावा गोठलेली असते, तो पुलावरून काठी टेकत.
खिशातून जुना लाट्स काढतो, सामन माशाचा,
जो रीगाच्या कुठल्याच दुकानात आता चालत नाही,
आणि पाटीवर वाजवत जातो.
टण्. टण्.
टण्.
मग बद्द.
पिवळ्या खडूनं त्यानं कड आखली.
मी ओठ दाबून उभी;
जागा मला माहीत होती, त्याला नव्हती.

झिन्त्रानं विचारलं, हे शिकायचं कसं?
म्हणाला, ऑक्टोबरात डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर बोटं वाजवली,
उजवीकडे, खालून तिसऱ्या बरगडीशी.
त्या काही बोलायच्या आधीच मी शर्ट चढवला होता.
आणि खडू तिच्या हातात दिला.

दुपारी पाटी यंत्राच्या जबड्यात.
दोन अंगांना पाठीला पाठ लावून चिकटवलेले दोन गेज
एकच आकडा बोलत होते,
चाळीस किलोन्यूटनपर्यंत.
तिथं वरचा पापुद्रा उचलला, दुधावरची साय उचलते तसा.
एक गेज दबतच राहिला, दुसरा उलटा ताणू लागला.
आवाज झाला नाही.
पाटी अजून भार पेलत होती. हेच नवख्यांना पटत नाही:
आतून सुटलेलं बराच वेळ उभं राहतं,
जरा अंग चोरून,
आपला वाटा शेजारच्या पदरांवर टाकून.

साठाला फुगवटा पसरला, भाराच्या दिशेनं नाही, आडवा,
खडूची रेघ ओलांडून.
एकसष्टाला सगळी पाटीच वाकली.
झिन्त्राचे हात कानांवर.

इल्मार्स खिडकीशी होता.
नदीवर कुणीतरी बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलं होतं.
"किती?" मागे न बघता.
त्याची रेघ मी स्कॅनरच्या चित्राशी ताडली होती.
"दोन मिलिमीटर."
"आत की बाहेर?"
"बाहेर."
"मग ठीक," म्हणाला, आणि टोपी शोधू लागला.

पुढच्या गुरुवारच्या पाटीत
मी अजून काही ठेवलेलं नाही.