डोळे : नाहीत

सत्तर वावांखालचा चिखल
मी चाळणीत ओतला, वरून नळी सोडली.
गुडव्हेग उघड्या हातांनी उभी, फेब्रुवारीतसुद्धा.
"हा. एइलेर्ट, याला चिमटा लावू नकोस."
बोटाच्या पेराएवढा. मला वाटलं,
कुणाच्या तरी स्वेटरचा उसवलेला काठ.

मी होडी चालवतो.
तीस वर्षं या फ्योर्डचा तळ खरवडून तिच्या टेबलावर आणतोय.
लॅटिन येत नाही, मोजता येतं.
पाठीवर खवल्यांच्या पंधरा जोड्या,
आमच्या बोटघराच्या पाटीच्या छपरासारख्या
एकीवर एक सरकलेल्या.
पण प्रत्येक वलयावर नाहीत :
दोन, चार, पाच, सात,
मग एक सोडून एक, थेट तेवीसपर्यंत,
मग सव्वीस, एकोणतीस, बत्तीस.
हा पाढा ती किटली ठेवतानाही पुटपुटते.
असंच का, मी एकदा विचारलं.
"ते त्याला विचार."

दुर्बिणीखाली तिनं मलाही पाहू दिलं.
वलयागणिक दोन्ही बाजूंना पाय,
पायाला दोन फांद्या, फांदीला शूकांचा झुबका,
आणि आत एक काळा काटा, तंबूच्या खांबासारखा,
ज्याच्यावर सगळं ताणलेलं.
वरच्या शूकांना कंगव्याचे दाते,
खालच्यांची टोकं दुभंगलेली.
भूक लागली की घसाच बाहेर काढतो,
उलटलेल्या बाहीसारखा, त्यात चार जबडे.

संघ वलयी. वर्ग बहुशूक.
कुल खवलेवाल्यांचं.
इथवर ती जिना उतरावा तशी उतरली.
मग डोक्याशी थांबली.
तीन शृंगिका, आणि त्यांच्या मागे
गंजाच्या रंगाचे चार ठिपके.
"चार," ती म्हणाली,
आणि बराच वेळ काहीच म्हणाली नाही.

कपाटातली बरणी मीच काढून दिली.
१९६१. आत चिठ्ठी, शिसपेन्सिलीची,
सिगव्हार्ट आमडालच्या तिरप्या अक्षरात. तिचा गुरू.
डोळे : नाहीत.
एवढ्या दोन शब्दांवर त्यानं एक जात उभी केली होती.
त्याच्या पुस्तकात वाट तिथेच फुटते :
डोळे असल्यास पाचवर जा,
नसल्यास अकरावर.
साठ वर्षं आम्ही सगळे अकरावर गेलो.

बाकी सगळं तेच. दाते तेच, खवल्यांवरचे खडे तेच.
ती बरणी त्याच्या हाती आली,
तेव्हा किड्याला स्पिरिटात अकरा वर्षं झाली होती.

आमचा एक तिनं स्पिरिटात घातला, खिडकीत ठेवला.
दर रविवारी पाहायची.
मेमध्ये ठिपके फिकट चहासारखे.
पहिल्या बर्फापर्यंत दोन. पुढच्या हिवाळ्यात कोरं डोकं.
दारूनं डोळे गेलेले मी या बंदरात पुष्कळ पाहिलेत,
म्हणालो मी. ती हसली नाही.

नाव ठेवायचं, म्हणजे दोन्ही अर्थांनी.
आणि तो माणूस मेलेला,
आणि त्यानंच हिला सुई धरायला शिकवलेलं.
त्याचं नाव मिटत नाही म्हणे,
फक्त खाली जातं, जुन्या नावाच्या पोटात,
बारीक टायपात.
दोन पानांचा लेख. लिहायला तिला वर्ष लागलं.

जुनी चिठ्ठी कधी काढायची नसते.
चूक असली तरी. चूक असली तर मुळीच नाही.
तिनं नवी कापली, तेवढीच रुंद,
पेन्सिलीला टोक केलं, पुसलं, परत लिहिलं :
डोळे : चार. होते.
आणि ती आत सोडली, त्याच्या चिठ्ठीला पाठ लावून,
म्हणजे काचेतून दोन्ही वाचता येतील.
सावकाश खाली गेली, एकदा वळली.

मग बरणी माझ्याकडे सरकवली.
झाकण घट्ट बसवायला
तिच्या मनगटात आता जोर नाही.